पांढऱ्या चादरीवरचे ढेकूण

एप्रिल संपत आला की आमच्या काशीगावातल्या चाळीत कुलपं दिसायला लागतात. तुळशीची कुंडी शेजारणीच्या ओट्यावर जाते, पाण्याचा ड्रम पालथा होतो, आणि एकेक घर गावाला निघून जातं. कुणी खेडला, कुणी संगमेश्वरला, कुणी पोलादपूरला. इंद्रलोककडच्या बिल्डिंगांतही तेच. एकेका मजल्यावर चारांतली तीन दारं बंद असतात आणि त्यांच्या फटींतून एक वास जिन्यात उतरत असतो.

परवा तो वास आला. मी शिकवणी घ्यायला चालले होते, दुसऱ्या मजल्यावर थांबले. वरून उतरणाऱ्या एका बाईंनी ओढणी नाकाला लावली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कितना मारते हैं, बाप रे." मी नुसती हसले. त्यांना कसं सांगणार, की लहानपणी हा वास दाराशी आला की मी अभ्यासाची वही टाकून उठायचे. पप्पा आले, हे त्यांच्या चपलेच्या आवाजाआधी मला वासावरून कळायचं.

पप्पा सोळा वर्षं पेस्ट कंट्रोलच्या कामावर होते. गावाला जाणारे लोक आधी फ्रिज रिकामा करतात, गॅस बंद करतात आणि शेवटी फवारणी करून कुलूप लावतात. बंद घरात औषध चांगलं मुरतं, असं सगळ्यांना वाटतं. त्यामुळे एप्रिल-मे पप्पांची फार धावपळ असायची. ते या दिवसांना 'सुगी' म्हणायचे. शेती त्यांनी लहानपणीच सोडली होती, शब्द तेवढा बरोबर आणला होता.

यातली निम्मी कामं ढेकणांची. पण ढेकूण हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. झुरळं झाली तर बायका गॅलरीतून ओरडून सांगतात. ढेकूण झाले तर फोनवर आवाज खाली येतो. "दादा, ते जरा... छोटे छोटे झालेत." पप्पा पंप रेक्झिनच्या मोठ्या बॅगेत घालून न्यायचे. लिफ्टमध्ये कुणी विचारलंच तर सांगायचे, "नळ गळतोय, बघायला आलोय." आई हसायची. म्हणायची, "एक दिवस खरंच कुणीतरी नळ दुरुस्त करायला लावेल तुम्हाला." एकदा तसं झालंही. पप्पांनी वायसर बदलून दिला.

त्यांची स्वतःची एक पद्धत होती. फवारणी झाली की ते घरून नेलेली जुनी पांढरी चादर पलंगाखाली पसरायचे. पलंगाच्या सांध्यांतून ढेकूण बाहेर पडायचे, तडफडत खाली यायचे आणि चादरीवर मरायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा परत जायचे, घरच्यांना बोलावून चादर दाखवायचे, मग चारी कोपरे उचलून तिचं गाठोडं करायचे. बाकी फवारणीवाले औषध मारून निघून जात. पप्पांना मात्र दाखवल्याशिवाय चैन पडत नसे. "माणसाने विश्वास कशावर ठेवायचा? बाटलीत औषध काय नि पाणी काय, दोन्ही सारखंच दिसतं." आई ती चादर वेगळ्या बादलीत उकळत्या पाण्यात टाकायची. दोरीवर आमच्या कपड्यांपासून लांब ती वाळत असायची, इतकी पांढरी की बघवत नसे.

पप्पा काय करतात हे मी कॉलेजात कधी सांगितलं नव्हतं. "सर्व्हिस," एवढंच म्हणायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. एम.एस्सी.च्या वर्गात सगळे इतक्या सहज बोलायचे की मला माझं प्रत्येक वाक्य आधी मनात बोलून बघावं लागायचं. अजूनही लागतं. हे लिहितानाही लागतंय.

गेल्या वर्षीची सुगी वेगळी होती. त्याच्या आदल्या जूनमध्ये गावाहून परतलेल्या लोकांनी एकामागून एक तक्रारी केल्या होत्या. महिनाभर घर बंद, वर औषध मारलेलं, आणि आल्या आल्या पहिल्याच दिवशी अंगावर लाल गांध्या. ढेकूण कित्येक महिने उपाशी राहू शकतो हे मला आता माहीत आहे. लोकांना एवढंच दिसत होतं की फवारणीवाल्याने फसवलं. "पाणी मारून गेला," हे वाक्य त्या वर्षी फार फिरलं. पप्पांनी ते मनावर घेतलं. औषधाचं जे माप ठरलेलं होतं, त्यावर ते एक झाकण जादा घालायला लागले. संध्याकाळी त्यांचे गाल मुंग्या आल्यासारखे चुरचुरायचे, डोळे लाल असायचे, आणि चहाचा कप बशीवर ठेवताना वाजायचा. आई म्हणायची, "मास्क लावा." ते म्हणायचे, "मास्क लावला की पंपाचा आवाज नीट ऐकू येत नाही." याला काही अर्थ नव्हता. त्यांना मास्कमध्ये गुदमरायचं.

जादा झाकण घालूनही तक्रारी थांबल्या नाहीत. एप्रिलमध्ये इंद्रलोकच्या दळवी काकूंकडे तीनदा फवारणी झाली. काकू वाईट बोलणाऱ्या नव्हत्या. पण त्यांच्या घरी लग्नाचे पाहुणे यायचे होते. त्यांनी ऑफिसला फोन केला, "तुमचा माणूस चादर दाखवतो, दहा मेलेले असतात. पण चावणारे काही कमी होत नाहीत हो."

शेठनी पप्पांना बोलावलं. त्या दिवशी मी डबा द्यायला गेले होते म्हणून तिथे होते. शेठ खुर्चीवर मागे रेलून म्हणाले, "पाष्टे, सोळा साल झाले, म्हणून तोंडावर विचारतो. बाटली बाहेर विकतो काय? सच बोल."

पप्पा म्हणाले, "नाही शेठ."

"मग मरत का नाय?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, निदान मला तसं वाटलं. मी मध्येच बोलले. आयुष्यात पहिल्यांदा विचारल्याशिवाय बोलले असेन. म्हटलं, ढेकणांमध्ये बदल होतो. हे औषध त्यांच्या मज्जातंतूंतल्या एका बारीक दारात अडकतं आणि ते दार बंदच होऊ देत नाही, म्हणून ते तडफडून मरतात. पण काही ढेकणांच्या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे दाराचा आकार किंचित बदलतो, औषध तिथे बसतच नाही. आमच्या कॉलेजात हे तपासता येतं. मी तपासून दाखवते.

शेठ खुर्चीत सरळ झाले. "ठीक आहे. तू दाखव. तोपर्यंत मी थांबतो. नाय निघालं, तर मग पाष्टे, तू समजून घे."

परतताना हायवे ओलांडायच्या वेळी पप्पांनी माझं मनगट धरलं, शाळेत नेताना धरायचे तसं.

कॉलेजातल्या सरांनी परीक्षेआधीच्या सुट्टीतला प्रोजेक्ट म्हणून लगेच परवानगी दिली. अल्कोहोल भरलेल्या छोट्या ट्यूब दिल्या, म्हणाले, "यात बुडवून आण. डीएनए टिकेल." मी त्या पप्पांना दिल्या आणि सांगितलं, दळवी काकूंकडचे ढेकूण हवेत, बारा पुरतील. इतकंच सांगितलं. एवढ्याशा कामाला आणखी काय सांगायचं, असं मला वाटलं. दोन दिवसांनी बारा ट्यूब रुमालात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिल्या. प्रत्येक ट्यूबच्या तळाशी एक तपकिरी ठिपका. प्रत्येकीवर चिठ्ठी लावायची होती: जागा, तारीख, गोळा करणारा. जागेपुढे मी 'इंद्रलोक' लिहिलं. 'गोळा करणारा' पुढे काही लिहिलं नाही. प्रयोगशाळेत सगळ्यांच्या ट्यूब एकाच फ्रिजमध्ये असतात, कुणीही वाचतं. माझंच आडनाव असलेला माणूस लोकांच्या पलंगाखालचे ढेकूण वेचतो, हे कुणी वाचू नये असं मला वाटलं. हे लिहायला मला एक वर्ष लागलं.

मे महिन्यातल्या प्रयोगशाळेचा उकाडा मला आठवतो. एसी फक्त यंत्रांच्या खोलीत. बाहेर मी एकेक ढेकूण बारीक कुटत होते, त्याचं पाणी गाळत होते, यंत्रात ठेवून जनुकातल्या त्या एका जागेच्या लाखो प्रती काढत होते. ज्या जीवाला लोक चिमटीत धरायला किळसतात, त्याचा पायही वाया जाऊ नये म्हणून मी श्वास धरून बसायचे. प्रती वाचायला बाहेर पाठवल्या. निकाल आला तो कॉम्प्युटरवर: चार रंगांच्या लाटा, एकेक लाट म्हणजे एकेक अक्षर. मी त्या ठरलेल्या जागेपर्यंत बोट सरकवत गेले.

अक्षर जुनंच होतं. पहिल्यात, दुसऱ्यात, तिसऱ्यात. बाराही जणांत. तीन-चार आलेखांत मोठ्या लाटेखाली दुसऱ्या रंगाची एक लाट दिसत होती. मला वाटलं, माझं काम स्वच्छ झालेलं नाही, ती घाण असेल.

बारा ढेकूण, आणि एकातही बदल नाही. म्हणजे औषध नीट मारलं असतं तर ते मरायलाच हवे होते.

घरी आले तेव्हा पप्पा मोरीत पंप धूत होते. पंप ते तीनदा धुवायचे. मी दारात उभी राहिले आणि विचारलं, "पप्पा, तुम्ही पाणी जास्त घालायचात का?"

त्यांनी वर पाहिलं. पंपातलं पाणी ओतून दिलं, पुन्हा भरलं, हलवलं, पुन्हा ओतलं. तीन वेळा पूर्ण झाल्यावर उठले आणि हात पुसायला बाहेर गेले. उत्तर नाही हेच उत्तर, असं मी धरून चालले. मी विज्ञान शिकत होते. पुराव्यावर जायचं, माणसावर नाही, हे मी परीक्षेत लिहून चांगले मार्क मिळवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा फोन आला, पप्पांच्याच मोबाइलवर. "बेटीला दे." पप्पांनी फोन माझ्या हातात दिला आणि तिथेच उभे राहून दोरीवरची चादर काढायला लागले.

"बोल, निघालं काय?"

"नाही... बदल सापडला नाही."

"म्हणजे औषधाने मरायला पाहिजे?"

मी पप्पांकडे बघत नव्हते. "नियमाने... मरायला पाहिजे."

चादरीची घडी घालण्याचा आवाज थांबला नव्हता. त्यांनी ती काठाला काठ लावून घातली, बॅगेत ठेवली, आणि बॅग ऑफिसात जमा करायला निघून गेले. दुपारी घरी आले तेव्हा हातात फक्त चादर होती. ती त्यांची स्वतःची होती.

पुढचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. परीक्षेची हॉलतिकिटं. आंब्याच्या पेटीवरचा पेंढा. गावाला गेलेल्यांच्या बंद दारांमध्ये आमचंच एक दार उघडं, आणि त्यात दिवसाढवळ्या बसलेले पप्पा. चाळीतले कुणी विचारायचे, "काय पाष्टे, रजा टाकलीय?" ते म्हणायचे, "हां." आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. एकदा भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "तुझ्या फीसाठी बाटलीच विकायची असती, तर गाल कशाला जाळून घेतले असते त्यांनी?" मला ते ऐकू आलं होतं. मी मान वर केली नाही.

परीक्षा संपल्यावर सरांना आलेख दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनजवळ वाकले आणि त्या खालच्या लाटेवर पेन्सिल ठेवली. "ही घाण नाही. एकाच ठिकाणी दोन अक्षरं आहेत. आईकडून एक, बापाकडून दुसरं. हे अर्धे बदललेले आहेत." मग माझ्याकडे वळले. "अर्धे बदललेले आहेत, तर पूर्ण बदललेले कुठेतरी असणारच. तुझ्या बारांत एकही कसा नाही? गोळा कुणी केले?"

चिठ्ठीवर ती जागा कोरी होती.

"माझ्या वडिलांनी," मी म्हटलं. "ते पेस्ट कंट्रोलमध्ये... होते."

"अच्छा!" सर अगदी साधेपणाने म्हणाले. "मग त्यांना विचार ना, कुठून घेतले. आधीच विचारायला हवं होतंस."

मी घरी गेले. पप्पा ओट्यावर शेंगा सोलत होते. विचारलं, "पप्पा, ते बारा ढेकूण कुठून घेतलेत?"

"चादरीवरून," ते म्हणाले. "दुसरे कुठून?"

"मेलेले?"

"मग काय जिवंत देणार?" त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. "कॉलेजात तुझे सर बघणार. पाष्टेने मारलेत ते मेलेत, असं दिसायला नको? चांगले निवडून दिले मी. पाय मोडलेला एकही घेतला नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी मला औषधाने मेलेले ढेकूण दिले होते. मरणारे कोण होते, तर ज्यांचं अक्षर बदललेलं नव्हतं, किंवा अर्धंच बदललं होतं, ते. पूर्ण बदललेले चादरीवर पडलेच नव्हते. ते वर, पलंगाच्या सांध्यात, जिवंत होते. अल्कोहोलच्या ट्यूबमध्ये सगळेच मेलेले दिसतात, म्हणून मला ते ओळखता आलं नाही. आयुष्यभर ज्या चादरीने त्यांची साक्ष दिली, तिनेच या वेळी त्यांना बुडवलं. आणि चादर तरी काय करणार? चूक विचारणाऱ्या माणसाची होती.

दळवी काकूंकडे मी स्वतः गेले. भर दुपारी टॉर्च घेऊन पलंगाखाली शिरले. काकू पंखा बंद करून उभ्या होत्या, म्हणजे ढेकूण उडायला नकोत. मला हसू आलं नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मी फक्त म्हटलं होतं की मरत नाहीत. तुझ्या पप्पांना कामावरून काढून टाका, असं नव्हतं गं म्हटलं." मी पलंगाखालूनच "हो काकू" म्हटलं. सांध्यातले जिवंत बारा घेतले. बाहेर आले तेव्हा त्यांनी लिंबूसरबत केलं होतं. लग्न होऊन गेलं होतं, मंडपाच्या दोऱ्या अजून गॅलरीला लटकत होत्या.

या वेळी अक्षर बदललेलं होतं. बाराच्या बारांत.

मी कागद घेऊन शेठकडे गेले. त्यांनी मन लावून ऐकलं, दोन प्रश्नही विचारले. "म्हणजे हे औषध आता काढायलाच पाहिजे. दुसऱ्या जातीचं मागवतो. सांगितलं ते बरं केलं." मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "पाष्टेला बोल, माझ्या मनात काय नाय. पण त्याच्या जागेवर आता माणूस घेतला." थोड्याच दिवसांत त्यांच्या जाहिरातीत 'नवीन औषध, तपासलेलं' असं आलं. माझ्या कागदाचा तेवढा उपयोग झाला.

पप्पांना मी ओट्यावर बसूनच सगळं समजावलं. दार, अक्षर, आकार. त्यांनी मध्ये अडवलं नाही. शेवटी विचारलं, "मग मी इतकी वर्षं मारले ते कोण?"

"जे मरणारे होते ते."

"आणि न मरणाऱ्यांना जागा करून दिली."

हे मी सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हते. त्यांनी स्वतःच काढलं, आणि जादा झाकणाबद्दलही काढलंच असणार, कारण त्यानंतर कितीतरी वेळ ते उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवत बसले, झाकण उघडताना फिरवतात तसे. प्रत्येक जादा झाकणाने एक घर आणखी थोडं त्या न मरणाऱ्यांच्या हवाली केलं होतं. लोकांना पाणी वाटू नये म्हणून. आणि मला एवढंही म्हणता आलं नाही, की पप्पा, मी तुम्हाला तो प्रश्न विचारायला नको होता.

आता ते चेण्याच्या बाजूला, घोडबंदर रोडच्या एका टॉवरला गेटवर असतात, दिवसपाळीला. फवारणीवाले आले की त्यांचीही नोंद करतात. निळ्या शर्टात ते मला अजून ओळखू येत नाहीत. घरी येतात तेव्हा कसलाच वास नसतो. चहाचा कप मात्र बशीवर तसाच वाजतो. डॉक्टर म्हणतात, हाताचा कंप आता राहील.

या वर्षीची सुगी दुसऱ्यांची. जिन्यातला तो वास घेऊन मी परवा घरी आले तेव्हा पप्पा वाटच बघत होते. खिशातून त्यांनी बामची रिकामी बाटली काढली. झाकणाला सुईने भोकं पाडलेली. आत कागदाच्या घडीवर दोन ढेकूण.

"आमच्या केबिनच्या बाकड्यात आहेत," ते म्हणाले. "गेल्या आठवड्यात फवारून गेले. ते नवीन औषध. मी लगेच नाही धरले. तीन दिवस थांबलो. हे त्याच्यानंतरचे. जिवंत आहेत, बघ."

मी ट्यूब आणली, चिठ्ठी काढली. जागा, चेणे. तारीख. मग 'गोळा करणारा' पुढे त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, सुरेश गोविंद पाष्टे. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, लांब धरली आणि वाचली. बराच वेळ वाचली, तीन शब्दांना लागतो त्यापेक्षा जास्त.

"पाणी मी कधी जास्त घातलं नाही, बाय," ते म्हणाले. "औषध जास्त घातलं. पाणी नाही."

"मला माहीत आहे, पप्पा."

"हां. रिपोर्टात आलं ना."

ते रागाने बोलले नाहीत. चिठ्ठी माझ्याकडे परत दिली, बामची बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि कागद हलेल इतपत हळूच टिचकी मारली. दोन्ही चालत होते.